तारघरातली डुलकी

होणाऱ्या जावयाला होकार द्यायचा की नाही, हे निवृत्त मुख्याध्यापकांचं वर्षभर ठरत नव्हतं. मुलगी विचारी, बायको विचारी, आणि हे आपले "बघू" म्हणत. शेवटी मुलीनंच घाट घातला. रविवारी चौघांनी मिळून विज्ञान संग्रहालय बघायचं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. यंत्रं बघून त्याची कळी खुलेल आणि बाबाही विरघळतील, असा तिचा बेत होता.

पण संग्रहालय अफाट होतं. वाफेची इंजिनं संपता संपता मुख्याध्यापकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. मायलेकी चहाला खाली गेल्या, मुलगा एका पंपासमोर रमला आणि हे बसायला जागा शोधू लागले. जुन्या तारघराच्या देखाव्यात, दोरीपलीकडे, गादीची एक खुर्ची रिकामी होती. तिथला मोटरवर चालणारा पुतळा दुरुस्तीला गेला होता. दोन मिनिटं टेकावं म्हणून मुख्याध्यापक आत शिरले, तारेच्या यंत्रावर हात ठेवला आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा समोर शाळेची अख्खी सहल उभी होती. "बटण दाबा, तारमास्तर तार पाठवेल," एक मुलगी पाटी वाचत होती.

उठून "माफ करा" म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मुलांमागे उभ्या असलेल्या बाई त्यांच्याच जुन्या शाळेतल्या निघाल्या. खुर्चीत डुलकी घेतली म्हणून याच बाईंना त्यांनी साऱ्या शिक्षकांसमोर झापलं होतं. मुख्याध्यापक जागच्या जागी थिजले.

"अगंबाई! हुबेहूब आमचे जुने मुख्याध्यापक!" बाई म्हणाल्या. "फक्त चेहरा जरा प्रेमळ केलाय."

पाटी वाचणाऱ्या मुलीनं बटण दाबलं. मुख्याध्यापकांनी बोट हलवलं. दुसरं करणार काय? मग "मी! मी!" करत रांगच लागली. बिचारे तारांवर तारा पाठवत राहिले.

"बाई, ह्याला घाम आलाय!"

गलका ऐकून पहारेकरी धावत आला. "अरेच्चा! हा तर दुरुस्तीला गेला होता. आणला कधी?"

त्याच्यामागोमाग होणारा जावई येऊन ठेपला. सासऱ्यांनी त्याच्याकडे नुसते डोळे फिरवले. एरवी त्या डोळ्यांत हुकूम असे. आज शुद्ध विनवणी होती.

"मीच आणलाय," खिशातली पकड काढत तो म्हणाला. "ट्रायल चालू आहे. घाम नाही तो, तेल गळतंय."

"कातडी किती खरी वाटते हो!" बाई पुढे झाल्या. "आमचे सर पोरांचे कान असे पिळायचे बघा." आणि त्यांनी पिळून दाखवला.

"ओय!" तारमास्तर म्हणाला.

"आवाजाची सोय नवीन बसवलीय," जावई घाईघाईनं म्हणाला.

"पण कान लाल झाला की!"

"तापतोय. म्हणून तर परत न्यायचाय. व्हा मागे, शॉक बसेल!"

पहारेकऱ्यानं ढकलगाडी आणली. दोघांनी मिळून मुख्याध्यापकांना बसल्या आकारात उचललं. बोट अजून हवेतच होतं.

"जड आहे हो," पहारेकरी धापा टाकत म्हणाला.

"जुना माल," जावई म्हणाला. "आता असा मिळत नाही."

मुलांनी टाळ्या वाजवून निरोप दिला. खाली चहाच्या टपरीजवळ गाडी थांबली, तशा मायलेकी कप टाकून धावल्या.

"अगंबाई, ह्यांना काय झालं?"

"काही नाही, काकू. सरांचे गुडघे दुखत होते. म्हटलं, कशाला चालवायचं?"

मुख्याध्यापकांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता. चहा पिऊन तो रिक्षा बघायला गेला, तसे ते बायकोला म्हणाले, "लग्नाची तारीख धरून टाका. जवळातली जवळची."

"अहो, पण वर्षभर तुमचं बघू बघू चाललं होतं! आज असं काय पाहिलंत त्याच्यात?"

"मी काही नाही पाहिलं," कान चोळत मुख्याध्यापक म्हणाले. "त्यानं पाहिलंय. असा माणूस बाहेर मोकळा सोडून चालत नाही. घरातलाच करून घ्यावा."