झर्गोटांच्या राजाचं झाकण

माझ्या हातून गेलेलं झाकण आजवर कधी अडकलेलं नाही. डब्याचं असो, पेटीचं असो, नाहीतर परग्रहावरच्या राजाच्या डोक्याचं असो! पेन्सिल कानावर आणि नजर बिजागरीवर, हा माझा शिरस्ता. त्यामुळे मध्यंतरी झालेल्या प्रकाराचा दोष कुणी माझ्यावर टाकू नये, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

बत्तीस वर्षं चाललेल्या त्या अंतराळाच्या मालिकेतले झर्गोट तुम्हाला माहीत असतीलच. पुरुषभर उंचीची पत्र्याची पिंपं, खाली चाकं, डोक्यावर लाल दिवा, आणि हात म्हणून दोन लोखंडी दांडे. त्यांना बघून निम्मं जग सोफ्यामागे लपायचं. ही पिंपं दुरुस्त करायचं काम माझं. आणि त्यांच्या राजाच्या पिंपात एकतीस वर्षं बसून चाकं ढकलायचं काम माझ्या सासऱ्यांचं.

एकतीस वर्षं! चेहरा पत्र्याचा, आवाज दुसऱ्याच कुणाचा. मामांचं स्वतःचं असं त्या राजात काय होतं, तर घाम. ते पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन पिंपात बसायचे आणि सगळे गेल्यावर बाहेर पडायचे, त्यामुळे सेटवर त्यांना तोंडावरून ओळखणारं कुणी नव्हतं. शेजारणी सासूबाईंना हसून म्हणायच्या, "तुमचे हे नक्की असतात ना त्यात?" सासूबाई हसायच्या, पण घरी आल्यावर भांडी जरा जोरात ठेवायच्या.

आणि आता शेवटचा भाग होता. त्यात राजाचं झाकण उघडणार आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसणार. म्हणजे मामांचा! सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं. मामांनी आठवडाभर आरशासमोर भुवया उंचावण्याचा सराव केला. प्रसंग एकदाच घ्यायचा होता, कारण झाकणाखाली धुराचं एकच नळकांडं होतं आणि दुसऱ्या दिवशी सेट मोडायचा होता.

"जावईबापू, झाकण उघडेल ना?" मामांनी चौथ्यांदा विचारलं.

"मामा, फुलासारखं उघडेल. तुम्ही निर्धास्त जा आणि तोंडाला रंग लावून घ्या."

मामा रंगपटात गेले. मी झाकण पुन्हा एकदा तपासलं. मग वाटलं, आतून फट दिसते का तेवढं बघावं. वाकून आत शिरलो, झाकण ओढून घेतलं. खट्! काय सुरेख आवाज आला म्हणून सांगू. मग आठवलं की हे झाकण आता आतून उघडत नाही. ऐन वेळेआधी उघडू नये म्हणून ती कडी मीच बाहेरून तारेनं ओढायची केली होती.

मी हाका मारल्या. पण चाकांचा खडखडाट बाहेर जाऊ नये म्हणून आतून जाड लोकरी नमद्याचं अस्तर लावलेलं. तेही मीच, आणि काम चोख. आत ढोल बडवला असता तरी बाहेर कुजबुज गेली नसती.

एवढ्यात पिंपातून बाहेर बघायला ठेवलेल्या जाळीतून सहायक येताना दिसला. आमच्याकडे पद्धत अशी की सहायकानं पिंपावर थाप मारायची आणि आतल्या माणसानं दांडा हलवायचा. एकदा हलला तर थांबा, दोनदा हलला तर तयार. थाप पडली. मी जिवाच्या आकांतानं दांडा वीस वेळा हलवला.

त्यानं पहिले दोन मोजले आणि ओरडला, "राजा तयार!"

मला ढकलत सिंहासनापाशी नेलं. भोवती बारा झर्गोट गोल उभे. जाळीतून समोर पाहुण्यांच्या खुर्च्यांत सासूबाई दिसल्या. ठेवणीतली साडी नेसून माझ्या बायकोचा हात धरून बसल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतीस वर्षांचा घाम त्यांचा, आणि थोबाड दिसणार माझं!

"दाखव तुझा चेहरा!" नायिका गरजली. तार ओढली गेली, धूर निघाला आणि झाकण चार बोटं उघडून अडकलं.

खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच माझं काम बिघडलेलं बघून मला बरं वाटलं.

तेवढ्यात दारापाशी गडबड झाली. "आजोबा, बाजूला व्हा," असं कुणीतरी म्हणालं. पण आजोबा कसले ऐकतात? रंगवाल्या बाईंनी गळ्यात बांधलेलं लांब पांढरं कापड तसंच, तोंडाला पावडर, पायात स्लिपर, अशा थाटात मामा तरातरा थेट सिंहासनापाशी आले. त्या झाकणाची नस त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक? त्यांनी डाव्या अंगाला एक बुक्की घातली आणि झाकण टाणकन उघडलं.

आत मी. तोंड काळं, दातांत स्क्रू-ड्रायव्हर.

"तुम्ही इथे काय करताय?"

"झाकण बघत होतो, मामा."

"एकतीस वर्षं मी बसलो यात. एकदाही अडकलो नाही. तुम्हाला एक दिवस सांभाळता येईना? व्हा बाहेर!" आणि त्यांच्या भुवया अशा काही वर गेल्या की सरावात कधी गेल्या नव्हत्या.

बारा झर्गोटांना सांगून ठेवलं होतं, झाकण वाजलं की चेहऱ्यासमोर वाकायचं. त्यांना जाळीतून दिसला तो पांढरा झगा आणि चढलेल्या भुवया. बाराच्या बारा पिंपं मामांसमोर वाकली.

दिग्दर्शक थांबा म्हणायचं विसरला होता. त्यानं विचारलं, "हे कोण?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "राजे आहेत. एकतीस वर्षं हेच आहेत," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रसंग तसाच ठेवला. मामांचा चेहरा पडद्यावर चाळीस सेकंद होता, माझा तीन, तोही धुरात. आता गल्लीत दुकानदार मामांना वाकून नमस्कार करतो, सासूबाईंची भांडी अलगद ठेवली जातात, आणि घरात सगळं कसं छान चाललंय. परवा तो दुकानदार मला म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांना पाहिलं हो, काय तो रुबाब! पण तो पिंपात दडलेला नोकर कोण होता?"

म्हटलं, "लक्ष नाही गेलं बुवा."

बाकी झाकण का अडकलं तेही कळलं. पिंप मोडताना बिजागरीत एक पेन्सिल सापडली. मामा म्हणतात, आपल्या नशिबानंच ते अडकलं, आणि मी त्यांना दुजोरा देतो. पेन्सिल मात्र मी अजून कानावर ठेवलेली नाही. खिशातच असते.