गायरानाची मूळ प्रत

पडेगावच्या मागच्या गायरानात गवताच्या तेवीस लाख चाळीस हजार काड्या आहेत, ही गोष्ट साठ वर्षं तिथंच मेंढरं चारूनही मुंजाबाला ठाऊक नव्हती. ती त्याला पुंडलिकनगरच्या मंदारनं सांगितली. मंदारची कंपनी टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर खेळायचा गोळीबाराचा गेम काढणार होती. त्यात बंदुकीच्या जागी गोफण होती. हातातला रिमोट गोफणीसारखा फिरवला की पडद्यावरचा शत्रू आडवा. जाहिरातीत लिहिलं होतं, 'अस्सल मातीतला खेळ.' माती तेवढी दुसऱ्याची लागत होती.

आठ दिवस ड्रोन काडीन् काडी टिपत गायरानावर घिरट्या घालत होतं. मग त्याची हालचाल गेममध्ये उतरवायला मुंजाबाला अंगाला चिकटणारे काळे कपडे चढवले, त्यावर पांढरे गोळे डकवले आणि गोफण फिरवायला सांगितली.

"ह्ये काय सोंग काढलंय?" त्याची बायको कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसली. "मेंढरं बुजली की वो तुमाला बघून!"

मुंजाबानं गोफण सोडली. चाळीस पावलांवरचा डबा उडाला. मंदारनं लॅपटॉपकडं बघून मान हलवली.

"बाबा, चुकतंय तुमचं."

"डबा तर उडाला की!"

"उडाला, पण सेन्सरला कळलं नाही. आमचं गिऱ्हाईक सोफ्यावरून उठत नसतं. नुसतं मनगट हलवा."

मुंजाबानं नुसतं मनगट हलवलं. दगड त्याच्याच पायावर पडला.

"एक नंबर!" मंदार ओरडला. "हेच ठेवू."

शहरी शूरांना लढाई खरी लागते, घाम चालत नाही.

मुंजाबानं हे सगळं सोसलं ते एका बोलीवर. "गायरान हाय तसंच ऱ्हाईल ना तुमच्या खेळात?"

"काडीन् काडी," मंदार म्हणाला. आणि शब्दाला जागला.

दोन महिन्यांनी सरकारी कागद आला. मुंजाबा तो घेऊन तहसील कार्यालयातले कारकून मधुसूदनराव यांच्या टेबलापुढं उभा राहिला. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, "सदर गायरानाचे उच्च दर्जाचे डिजिटल जतन पूर्ण झाले असल्याने मूळ प्रत बाळगण्याचे प्रयोजन उरत नाही. सबब सदर जागा कंपनीच्या नियोजित इमारतीस देण्यात येत आहे."

"मूळ प्रत म्हंजी?"

"गवत."

"अन् मेंढरांनी काय खावं, साहेब?"

मधुसूदनरावांनी टेबलाखालून खोकं काढलं. "पर्यायी चराईची तरतूद केलेली आहे. कन्सोल एक, रिमोट दोन. टीव्ही तुमचा तुम्ही बघायचा. फक्त मेंढरांना पडद्याला तोंड लावू देऊ नका, वॉरंटीत बसत नाही."

"आमाला कुनी इचारलं नाय."

"असं कसं? जनतेची रीतसर संमती घेतलीय." त्यांनी मोबाइल पुढं केला. येणाऱ्या गेमची झलक चालू होती. वाऱ्यावर तेवीस लाख काड्या डुलत होत्या, एकेकीची सावली वेगळी. खाली अभिप्रायांचा पूर. 'काय गवत आहे भावा!' 'डोळ्यांत पाणी आलं.' एकाला तेवढा मेंढपाळ खटकला होता. 'गोफण अशी कुणी फिरवतं का? फेक वाटतो म्हातारा.' त्याची दखल घेऊन म्हातारा तातडीनं काढून टाकण्यात आला होता.

"चार लाख बारा हजार लाइक," मधुसूदनराव म्हणाले. "एक लाइक म्हणजे एक ना-हरकत. कलमच आहे तसं."

"ही मान्सं हायेत कोन? गायरानात तर यातलं कुनी कधी दिसलं नाय."

"यायचं काय काम? बघितलंय ना त्यांनी."

"मंग नावं वाचा," मुंजाबा खाली बसकण मारत म्हणाला. "समद्यांची. मला ऐकू द्या."

मधुसूदनराव वैतागले, पण वाचू लागले. मुंजाबा एकेका नावाला मान हलवत राहिला. यातल्या एकालाही तो ओळखत नव्हता. वाचता वाचता तुमचं नाव आलं. कसं कोण जाणे, तिथं त्यानं थांबा म्हणून हात वर केला.

"ह्ये कोन?"

"कोण जाणे," मधुसूदनराव पुढच्या नावाकडं सरकत म्हणाले. "गवत फार आवडतं त्यांना."