नदीवरील सायंकाळ आणि पंतांची पगडी, याची हकीकत

वाग्देवी प्रसन्न असो, लेखणीस बुद्धी होवो आणि ऐकणारांस डुलकी न येवो. शके सतराशें बेचाळीस, विक्रमनाम संवत्सरी, एके राज्यी ऐसे वर्तमान जाहले. ते राज्यी दरसाल उत्तम कथेस सोन्याचे कडे देत, आणि दस्तूर ऐसा की परीक्षकाने भर दरबारी पोथी मिटोन कथा आपले तोंडे सांगावी, न सांगवली तर पगडी उतरोन ठेवावी. थोरले महाराज कथा सुरू होतांच निद्रिस्त होत, सबब पगड्या सुखरूप होत्या. नवे महाराज जागे राहणारे निघाले! ते साली परीक्षक विसाजीपंत यांणी अंताजी लेखकाची पोथी निवडिली. भाषा ऐसी देखणी की पंतांणी वाचतां वाचतां डोळे पुसिले, आणि मग दरबारी उभे राहोन बोलिले, "एक बाई नदीवर गेली." महाराज पुसते जाहले, "मग?" "मग सायंकाळ जाहली." "मग?" "सायंकाळ फारच सुंदर जाहली, महाराज." महाराज बोलिले, "पंत, बाई घरी आली की नाही?" पंतांचा हात पगडीकडे गेला. आम्हांस दया आली आणि हसूही आले, खोटे कशास लिहावे?

मग अंताजीस पुढे बोलाविले. तो साधेच बोलिला, "महाराज, ती माझी आई. जीव द्यावयास गेली होती. मी लहान, दारात बसलो होतो. दिवेलागणीस परत आली. का आली, हे पुसावयाचे धैर्य आजवर जाहले नाही. त्या जागी आलो की लेखणी सायंकाळच लिहीत बसते." महाराज इतकेच बोलिले, "परंतु आली ना?" "आली, महाराज." तेव्हां अवघ्या दरबाराने श्वास सोडिला, आणि आज्ञा जाहली की निकाल तहकूब, अंताजीने घरी जाऊन आईस पुसावे. अंताजी गेला आणि पुसिले. म्हातारी भाजी निवडीत होती, ती मान वर न करितां बोलली, "अरे, तू जेवला नव्हतास." अंताजी रडला आणि जेवला आणि मग तेवढेच वाक्य शेवटास लिहिले. दरबारी परतोन सायंकाळ फाडावयास निघाला, ती महाराजांणी फाडो दिली नाही, बोलिले, "बाई तीतूनच चालत घरी आली आहे." मग पंतांणी कथा एका दमात सांगितली.

येणेप्रमाणे पगडी डोईवर राहिली, कडे अंताजीचे हाती गेले, आणि बाई घरी पोहोंचली. आम्हीही सुटलो.