मेमरी कुणी खाल्ली?

"खुनी याच खोलीत आहे," असं गुप्तहेर म्हणाला आणि बाईंचा कॉम्प्युटर अडकला.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली तरी मोठ्याने वाचून दाखवायची सवय सुटली नव्हती. म्हणून दर रविवारी सकाळी त्या इंटरनेटवरून कादंबरीचं एक प्रकरण वाचायच्या आणि डोळ्यांनी साथ सोडलेली दहा-बारा माणसं आपापल्या घरी कान लावून बसायची. वाचन एकीकडे लोकांना थेट ऐकू जायचं आणि दुसरीकडे कॉम्प्युटरमध्ये साठतही जायचं. आज रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण होतं. ते सगळ्यात लांब होतं, आणि कॉम्प्युटर सगळ्यात जुना होता.

ऐन रंगात आलेलं असताना बाईंचा मोबाइल वाजला. पलीकडे जज्जसाहेब होते. निवृत्त न्यायाधीश, बाईंचे सगळ्यात कडक श्रोते.

"बाई, तुमचा गुप्तहेर तोतरा झालाय. 'खु-खु-खुनी' एवढंच ऐकू येतंय."

"अगं बाई! थांबा हं, बघते."

"बघा, पण आजच बघा. उद्या माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. खुनी कोण हे कळल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवा होणार नाही, सांगून ठेवतो. डॉक्टरांनाही सांगितलंय."

बाईंनी शब्द दिला, फोन ठेवला आणि वाचन थांबवायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. स्क्रीन ढिम्म. बंद झालं असेल असं त्यांनी ठरवलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो!"

नवरा, म्हणजे निवृत्त निरीक्षकसाहेब, दाराबाहेरच होते. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ते तासभर आतलं प्रकरण ऐकत होते. खुनी कोण याची उत्सुकता त्यांना जज्जसाहेबांपेक्षा काकणभर जास्तच होती, पण इतके आठवडे 'असल्या गोष्टी मी वाचत नाही' असं म्हटल्यामुळे आता विचारायची सोय नव्हती. त्यांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली होती. बाजारातून ते चालू लागले की तराजू आपोआप सरळ व्हायचे, असं ते स्वतःच सांगत.

"मशीन अडकलंय," बाई म्हणाल्या.

"किती अडकलंय?"

"किती म्हणजे? अडकलंय!"

"असं मोघम बोलून चालत नाही. आधी मोजावं लागेल," असं म्हणून साहेबांनी जावयाला फोन लावला. जावई कॉम्प्युटर कंपनीत होता. बाईंनी तेवढ्यात खबरदारी म्हणून स्वतःच्या धाकट्या भावाला बोलावलं. तो एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाला होता. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, आणि एका म्यानात दोन तलवारी येऊन पडल्या.

जावई आधी पोहोचला, तोवर मशीन जरा हलायला लागलं होतं. खुर्चीत बसण्याआधीच त्याने दोन-चार बटणं दाबून आकड्यांची एक खिडकी उघडली. "बघा बाबा. मेमरी ब्याण्णव टक्के भरली आहे. जागाच नाही, मग मशीन चालणार कसं?"

"भरलीये तर भरू दे की," दारातून आवाज आला. बाईंचे भाऊ, म्हणजे मामा, चपला काढत होते. "रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी. जावईबापू, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?"

"मामा, तुम्ही कधी आलात?"

"तुम्ही चुकीचं माप सांगायला लागलात तेव्हा."

साहेबांचे कान टवकारले. चुकीचं माप हे शब्द त्यांच्या कानावर पुष्कळ दिवसांनी पडले होते. "भरलेली असून चांगली कशी? नीट सांगा."

"सोपं आहे दाजी. ताई स्वयंपाकाला लागते तेव्हा ओट्यावर डबे काढून ठेवते की नाही? ओटा भरलेला दिसतो, पण ती काय अडचण असते का? ती तयारी असते. मशीनसुद्धा पुन्हा लागेल ते हाताशी काढून ठेवतं. जागा हवी झाली की डबे परत फळीवर. तेव्हा या ब्याण्णवातली खरी किती आणि हाताशी ठेवलेली किती, ते आधी वेगळं करा."

"माझ्या ओट्याचं नाव घ्यायचं कारण नाही," बाई म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत मला शेवटचं पान वाचायचंय."

"होईल हो आई," जावई म्हणाला. "पण मामांच्या पद्धतीने मोजलं तर जगात एकही मशीन कधी भरलेलं दिसणार नाही. माझ्याकडे चांगला प्रोग्रॅम आहे, तो बघा." त्याने तो घातला. त्याची खिडकी पहिल्या खिडकीशेजारी उघडली आणि तिच्यात अठ्ठ्याहत्तर टक्के आलं. मामांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि स्वतःच्या भरवशाचा प्रोग्रॅम घातला. त्यात एकसष्ट आलं. तीन खिडक्यांनी स्क्रीन गच्च भरून गेला.

साहेब उठून उभे राहिले. एक वस्तू, तीन काटे, तीन वजनं! नोकरीत असते तर तिन्ही काटे जप्त करून पंचनामा केला असता. पण आता त्यांना राग येण्याऐवजी मजा वाटू लागली होती. इतक्या वर्षांत मापाचा असा गुंता त्यांनी पाहिला नव्हता.

"यात काट्याचं स्वतःचं वजन धरलंय का?" त्यांनी विचारलं.

"काट्याचं?" जावयाने विचारलं.

"म्हणजे हे तीन मोजणारे प्रोग्रॅम बसलेत कुठे? मेमरीतच ना? मग तेही खात असतील."

"थोडंसं खातात बाबा," जावई म्हणाला.

"थोडंसं हे माप नाही."

मग साहेबांनी कागद घेतला आणि कुठला प्रोग्रॅम किती जागा घेतो ते आकडे एकाखाली एक मांडले. बेरीज केली, पुन्हा केली, चष्मा पुसून आणखी एकदा केली. मशीनमध्ये एकूण जेवढी मेमरी होती, त्याहून बेरीज जास्त भरत होती.

"हे काय? शेरभर भांड्यात सव्वा शेर?"

"मी सांगतो," मामा म्हणाले. "यातला बराच माल सामायिक आहे. घरात वर्तमानपत्र एकच येतं. तुम्ही वाचता, ताई वाचते. दोघांच्या नावावर एकेक लिहिलं तर दोन होतात. तसं हे दोनदा मोजलं गेलंय."

"मग अर्धं-अर्धं लिहावं," जावई म्हणाला.

"आणि ताईने वाचणं सोडलं तर? दाजींच्या नावावर अर्ध्याचं एक होणार. त्यांनी काही न करता त्यांचं वजन वाढणार!"

"मग तुमच्या मते कुणाच्याच नावावर नाही लिहायचं? वर्तमानपत्र काय वाऱ्यावर आलं?"

"वर्तमानपत्र मी आणते," बाई म्हणाल्या, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांचा मोबाइल मात्र वाजायला लागला होता.

"आई, तेवढा फोन बंद ठेवा," जावई म्हणाला. "वायफायवर फोन असला की आकडे हलतात. मोजताना परिस्थिती सारखी हवी."

हे तत्त्व साहेबांना जिवापाड प्रिय होतं. त्यांनी बाईंच्या हातातून फोन घेतला, आवाज बंद करून टेबलाच्या खणात ठेवला. मग खिडकी लावली, दार लावलं आणि पंखाही बंद केला.

"अहो, पंखा कशाला?"

"वाऱ्याने काटा हलतो."

"कॉम्प्युटरचा?"

"सवय आहे," साहेब म्हणाले. खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता पसरली आणि तिघांच्या कपाळावर घाम आला. बाई मात्र "तुमचं मोजून झालं की सांगा" असं म्हणून पुस्तक घेऊन बाहेर गेल्या.

जावयाने नको ते सगळे प्रोग्रॅम बंद केले. आकडे खाली आले. "बघा!" तो म्हणाला. पण बघता बघता तिन्ही खिडक्यांतले आकडे पुन्हा वर सरकायला लागले. कुणी माउसला हात लावत नव्हतं, कीबोर्डला बोट लागत नव्हतं, तरी मेमरी चढतच होती.

"गळती," जावई म्हणाला. "याला मेमरीची गळती म्हणतात."

"गळती असेल तर कमी व्हायला हवं. हे वाढतंय कसं?"

"नावच तसं आहे बाबा."

"ज्याने नाव ठेवलं त्याला भेटायला हवं एकदा," साहेब म्हणाले.

"गळतीबिळती काही नाही," मामांनी हात झटकला. "मशीन डबे काढून ठेवतंय. साधी गोष्ट आहे."

"कुणासाठी काढतंय? स्वयंपाक करायला तर कुणीच नाहीये!"

"मेमरी सोडा हो. मशीन मंद आहे की नाही, ते मोजा. भरलेलं पोट बघून माणूस पळतो किती ते कळत नाही."

हे जावयाला पटलं, पण मामांनी म्हटल्यामुळे कबूल करवेना. त्याने मशीनची परीक्षा घेणारा आणखी एक प्रोग्रॅम लावला. मशीन घरघरलं, तापलं आणि शेवटी एक आकडा पडला: एक्केचाळीस.

"एक्केचाळीस काय?" साहेबांनी विचारलं.

"गुण."

"कशाचे? किलो, लिटर, मीटर?"

"तसं काही नसतं. नुसता एक्केचाळीस."

"एककाशिवाय माप!" साहेबांचा आवाज चढला. "उद्या भाजीवाली म्हणेल, घ्या साहेब, तुमची वांगी एक्केचाळीस. मी पिशवी पुढे करू का?"

"आणि ही परीक्षा मुळातच लबाड आहे," मामा म्हणाले. "आमच्या बँकेत असल्या परीक्षेत पहिलं आलेलं मशीन कामाला लावल्यावर रडत बसलं होतं."

"तुमच्या बँकेत सगळेच रडत होते मामा, मी यायचो ना तिथे!"

"जावई आहात म्हणून ऐकून घेतोय!"

"अरे, कुणी खाल्ली ते सांगा!" साहेब टेबलावर हात आपटून ओरडले. "तुमचं दोघांचं खरं धरलं तरी मेमरी वाढतेय. मग खाणारा कोण? पुराव्यासकट एक नाव सांगा!"

नेमक्या याच क्षणी बाई आत आल्या. त्यांना चष्मा हवा होता आणि चष्मा खणात होता. खण उघडला तर त्यात मोबाइल थरथरत होता. जज्जसाहेबांचे कितीतरी फोन येऊन गेले होते. माणूस उद्या ऑपरेशनला जायचा, आपण शब्द देऊन बसलेल्या, आणि ही तीन माणसं वर्तमानपत्रं मोजताहेत! त्यांनी घाईने फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"जज्जसाहेब, माफ करा, अजून मशीन..."

"बाई, सगळ्यांना उभं राहायला सांगा. मी निकाल देतोय."

तिघे का कोण जाणे, पण उभे राहिले.

"मघापासून मी दोन्ही पक्षांचं म्हणणं शब्दन् शब्द ऐकलंय," जज्जसाहेब म्हणाले. "ओटा ऐकला, वर्तमानपत्र ऐकलं, वांगीही ऐकली. मधे पंखा बंद केल्यापासून तर फारच स्वच्छ ऐकू आलं. आता मला सांगा, मी माझ्या घरी बसलोय. फोन तुम्ही बंद करून ठेवला होता. मग हे सगळं मला ऐकू आलं कसं?"

जावयाने खणाकडे पाहिलं, मामांनी स्क्रीनकडे.

"ज्या अर्थी मला ऐकू येतंय, त्या अर्थी बाईंचं वाचन बंद झालेलंच नाही. मशीन सकाळपासून ऐकतंय आणि साठवतंय. तुम्ही जितका वेळ मोजत बसलात, तितका वेळ ते भरत गेलं. मेमरी तुम्हीच खाल्लीत. तिघांनी मिळून."

जावयाने एक खिडकी बाजूला सरकवली. मामांनी दुसरी सरकवली. तिसरी साहेबांनी स्वतः सरकवली, आणि तिच्यामागे वाचनाच्या चौकटीतला रेकॉर्डिंगचा लाल ठिपका शांतपणे लुकलुकत होता. बाईंचं दुसऱ्यांदा दाबलेलं बटण मशीनने उशिरा का होईना पण इमानदारीने ऐकलं होतं. पहिल्याने बंद, दुसऱ्याने पुन्हा सुरू.

तो ठिपका विझवायला जावयाने हात पुढे केला, तेवढ्यात चौकटीच्या कडेला श्रोत्यांनी घरच्यांकडून लिहून घेतलेले निरोप एकामागून एक चढताना दिसले. ते त्याने मोठ्याने वाचले. "बंद करू नका." "मामांचं बरोबर आहे." "मामांचं साफ चूक आहे, जावयाला बोलू द्या." "शेजारच्यांनाही ऐकायला बोलावलंय." दहा-बारा श्रोत्यांचे चांगले साठ-सत्तर झाले होते.

मामांनी केसांवरून हात फिरवला. जावयाने शर्ट नीट केला. "आई, लोक थांबलेत," तो संकोचून म्हणाला. "नको ते पुसून मेमरी मोकळी करतो. मग तेवढा सामायिक मालाचा मुद्दा आम्ही संपवू का?"

"संपवा," बाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल उचलला, पुस्तक काखेत मारलं आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

साहेब जरा वेळ तिथेच उभे राहिले. इकडे मापाचा प्रश्न सुटता सुटता राहिला होता, मामा पुन्हा ओट्यावर आले होते, जावई त्यांना अडवत होता, आणि दोघेही आता शब्द तोलून, शुद्ध बोलत होते. जायचं म्हटलं तर जीव अडकत होता. पण इतके आठवडे जिने घसा कोरडा करून वाचलं, तिच्या शेवटच्या पानाला कुणी विचारलं नाही, हे त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते आत गेले. बाई पलंगावर पुस्तक मिटून बसल्या होत्या.

"काय गं," साहेब म्हणाले, "खुनी कोण?"

"तुम्ही असल्या गोष्टी वाचत नाही ना?"

"वाचत नाही. ऐकतो. पहिल्या प्रकरणापासून."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. हसू येत होतं, पण ते त्यांनी आवरलं. "मग खरं सांगा. माझं वाचन चांगलं, की त्यांचा वाद?"

आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांनी काटा मागितला नाही, एकक विचारलं नाही, पंखाही बंद केला नाही. "तुझं वाचन," ते म्हणाले. "त्याला तोड नाही."

"साक्षीदार पत्नीच्या दबावाखाली आहे," बाईंच्या मांडीवरच्या मोबाइलमधून जज्जसाहेबांचा आवाज आला. "तरी साक्ष ग्राह्य धरतो. वाचा बाई, मी थांबलोय."