पाद्रीसाहेबांचा उजवा डोळा

नेदरलँड्सच्या फ्रीजलंड प्रांतातल्या त्या गावात माणसं खरं बोलतात. तोंडावर बोलतात आणि बोलून झालं की कॉफी पितात. बेकरीवाली गेस्के तर पावाबरोबर सत्य फुकट देते. "हा कोट तुला होत नाहीये. बारीक हो, नाहीतर कोट देऊन टाक." कुणी रागावत नाही. अशा गावात हौशी चित्रकारांचं मंडळ चालवणं म्हणजे काय, हे अध्यक्ष सिब्रेनलाच ठाऊक.

पहिल्या वर्षी सभासद एकमेकांना चित्रं दाखवत आणि मत मागत. मत मिळे. वर्ष संपता संपता मंडळात अध्यक्ष, चिटणीस रिन्से आणि रिकाम्या खुर्च्या उरल्या. सिब्रेनचं सगळं आयुष्य बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडण्यात आणि बंद करण्यात गेलेलं. धडक टाळायची तर आधी रहदारी थांबवावी, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं नियम चार रचला: 'चित्राविषयी बोलताना प्रथम दोन गुण सांगावेत. तदनंतर, वेळ उरल्यास, एक दोष सांगता येईल.'

दोन गुण झाले की कॉफी येई. मंडळ जिथे भरे त्या चर्चमागच्या गार खोलीत कॉफी निवू देणं पाप समजलं जाई, त्यामुळे दोषापर्यंत वेळ कधी उरलाच नाही. मंडळ फोफावलं. अर्धं गाव सभासद झालं. खुद्द सिब्रेन या विद्येत इतका तयार झाला, की कुणाच्या मेंढ्या उशांसारख्या दिसल्या तर तो डोळे किलकिले करून म्हणे, "हवा काय खेळलीय हो!" बोट पाण्याऐवजी कुरणातून चाललेली दिसली, तर "क्षितिज धीट आहे."

अशात पाद्री आल्बार्दांची निवृत्त व्हायची वेळ आली. रविवारी निरोप. मंडळातर्फे त्यांचं चित्र भेट द्यायचं ठरलं आणि ते काढायचा मान पदसिद्ध म्हणून अध्यक्षांकडे आला.

सिब्रेनला तो मान नको असता तरी त्यानं घेतला असता. त्याची बायको अखेरच्या दुखण्यात होती, तेव्हा हेच पाद्रीसाहेब रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून तिची आवडती स्तोत्रं गात. त्यांचा आवाज फाटका, पण त्या गाण्यानं तिच्या चेहऱ्यावरची कळ उतरे. ते ऋण रंगानं फेडावं, एवढीच त्याची इच्छा होती.

चित्र झालं. दाढी जमली, गळ्याची पांढरी पट्टी जमली. फक्त डोळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं. डावा डोळा स्वर्गाकडे पाहत होता आणि उजवा दानाच्या पिशवीकडे. सिब्रेननं चित्र उलटं करून पाहिलं. आरशात धरलं, तर आरशात डावा डोळा पिशवीकडे गेला. इतके दिवस टक लावून पाहिल्यावर, चूक चित्रात आहे की आपल्या नजरेत, हेच त्याला कळेना.

गुरुवारी त्यानं चित्र मंडळासमोर मांडलं.

"मागची भिंत अगदी श्वास घेते," कुणीतरी म्हणालं.

"कडा काय विरघळल्यात!" दुसरं कुणी.

कपांची किणकिण सुरू झाली. सिब्रेन घाईनं म्हणाला, "कॉफी थांबवा! मला दोष हवाय. डोळ्यांचं बोला."

रिन्सेनं चष्मा पुसला. "अध्यक्षसाहेब, दोष 'वेळ उरल्यास' आहे. वेळ उरला की नाही, ते सभा संपल्यावरच कळणार."

"मग संपव सभा."

"संपल्यावर बोललेलं मत अनधिकृत."

"अरे, कुणी रचला हा गाढव नियम?"

"आपणच," रिन्से आदरानं म्हणाला. "त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या होत्या."

तेवढ्यात गेस्के केकचं ताट घेऊन आत आली. सिब्रेनला देवच पावला. ही बाई सभासद नव्हती.

"गेस्के, इकडे ये. हे चित्र बघ आणि बोल."

"अगं बाई! हे पाद्रीसाहेब? अरे सिब्रेन, यांचा उजवा—"

"थांबा!" रिन्से उभा राहिला. "बाहेरच्या माणसाला सभेत बोलता येत नाही."

"मग हिला सभासद करून घे!" सिब्रेन ओरडला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. रिन्सेनं नव्या सभासदाला नियम चार मोठ्यानं वाचून दाखवला. गेस्केनं चित्राकडे पाहिलं, सिब्रेनकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळावर घाम आला.

"चौकट... सरळ आहे."

"आणि?"

"आणि रंग वाळलाय."

"आणि, गेस्के?" सिब्रेनचा आवाज चिरकला.

तिनं आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. "कॉफी निवतेय रे."

रविवारी चर्च भरून वाहत होतं. ऑर्गन असा घुमला की सिब्रेनचे डोळे नेहमीसारखे भरून आले. मग चित्रावरचा पडदा सरला. पाद्रीसाहेब बराच वेळ पाहत राहिले. एकतीस वर्षं त्यांनी याच जागेवरून सत्याची महती सांगितली होती. पण ते मंडळाचे मानद सभासद होते.

"डावीकडून येणारा उजेड," ते शेवटी म्हणाले, "फार मायाळू आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

नंतर मागच्या खोलीत त्यांनी सिब्रेनचा हात धरला. "तू चौथ्या रांगेत बसायचास. आता मी चाललोच आहे. माझी प्रवचनं कशी होती रे? खरं सांग."

सिब्रेनला गाणी सगळी पाठ होती. प्रवचन सुरू झालं की त्याचे डोळे मिटत आणि पुढच्या स्तोत्राला उघडत. त्यानं त्या थकल्या, प्रेमळ चेहऱ्याकडे पाहिलं. दोन्ही डोळे त्याच्याकडेच लागले होते.

"दोन वाक्यांमधली शांतता फार धीट होती, पाद्रीसाहेब."

"आणि दुसरा गुण?"

"आवाज खिडकीपर्यंत पोचत होता."

पाद्रीसाहेब अजून थांबलेच होते. सिब्रेन कॉफी आणायला गेला.

चित्र अजून त्याच खोलीत आहे. कधी गेलात तर बघा. तुम्ही सभासद नाही, तेव्हा तुम्हाला नियम लागू नाही. मनात येईल ते खुशाल बोला. चित्र दाखवायला म्हातारा सिब्रेन स्वतः येतो, तुमच्यासाठी कॉफीचा कप धरून. मग तो विचारतो, "कसं वाटलं? अगदी खरं सांगा हं."

सांगा ना.