मास्तरांचा दोघांपुरता रस्सा

रविवारी सकाळी टेलरमास्तरांनी शिलाई मशीनवर कापड झाकलं आणि कांदा चिरायला कात्री उचलली. चूक लक्षात आल्यावर त्यांनी सुरी शोधायला घेतली.

आदल्या दिवशी लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, तुमचा रक्तदाब वाढलाय आणि तुम्ही चहा-बिस्किटांवर दिवस काढताय. उद्या एक वाजता येते. भाज्यांचा साधा रस्सा स्वतःच्या हाताने करून दाखवा. तेल कमी, मीठ कमी. जमला तर राहा तिथेच. नाही जमला, तर मशीन विकायचं आणि माझ्याकडे यायचं."

मशीन विकायचं म्हटल्यावर मास्तर पहाटेच भाजी आणायला धावले होते. गाजर, फ्लॉवर, मटार ओट्यावर मांडले आणि त्यांना चक्क हुरूप चढला. मापं घ्यायची, कापायचं, जोडायचं. हे तर चाळीस वर्षं चाललंच होतं. गाजराचे तुकडे त्यांनी टेप लावून अर्ध्या अर्ध्या इंचाचे केले. तेल मोजलं ते शिवताना बोटात घालायच्या टोपीने. दोन टोप्या, थेंबभरही जास्त नाही.

लेकीने पाठवलेल्या कृतीत पुढे लिहिलं होतं, मीठ चवीपुरतं. आता चवीची छाती किती आणि कंबर किती, ते कुठेच दिलं नव्हतं. माप कळलं नाही की मास्तर नेहमी करत तेच त्यांनी केलं. थोडं मार्जिन ठेवलं, शिवणीत जादा कापड सोडतात तसं जादा मीठ.

चमचाभर चाखून बघितलं आणि त्यांचे डोळे मिटले ते उघडेनात. रस्सा खारट झाला होता.

"घट्ट झालंय, एवढंच," ते स्वतःला म्हणाले. "सैल करू."

पाणी ओतलं तर रस्सा पातळ झाला. तो दाट करायला टोमॅटो आणि अख्खा दुधी घातला तर कढई काठोकाठ भरली. मास्तर घाईघाईने शेजारच्या काकूंकडे पातेलं मागायला गेले, तर पातेल्याबरोबर काकूही आल्या. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि तडक घरी जाऊन आपली शिजवलेली मुगाची डाळ आणून सगळी ओतली.

"मास्तर, आता आमच्याकडची पाच माणसं काय जेवणार?"

"इथेच या की," मास्तर म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

तेवढ्यात पँटची कंबर सैल करून घ्यायला एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या पिशवीत दोन किलो बटाटे होते. काकूंनी पिशवी हातातून काढूनच घेतली. बटाटे गेले, म्हणजे तोही जेवायला थांबणार. पातेलं आता दोन शेगड्या व्यापून बसलं होतं आणि मास्तर खुर्चीवर चढून ढवळत होते. घाम पुसत, ओरडून सूचना देत. इतकी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती.

बरोबर एक वाजता लेक दारात उभी राहिली. कापड बेतायच्या टेबलाभोवती सहा माणसं ताटल्या घेऊन बसली होती. ती चपला काढून आत आली. वाटी घेतली, एक घास खाल्ला. मास्तरांचा हात नकळत मशीनवर गेला.

"बाबा, मीठ कमी आहे."

"कमी?" मास्तरांना खरंच वाटेना.

"अगं, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय ना," काकू पटकन म्हणाल्या.

लेकीला हसू फुटलं. तिने वाटी पुन्हा पुढे केली. "मला वाटायचं, तुम्ही इथे एकटे असता," ती हळूच म्हणाली. "राहा इथेच. फक्त पुढच्या रविवारी आपल्या दोघांपुरताच करा."

"दोघांपुरताच," मास्तरांनी कबूल केलं.

जेवणं झाल्यावर काकू रिकामं पातेलं उचलून निघाल्या. मास्तर लेकीची नजर चुकवून त्यांच्यामागे दारापर्यंत गेले.

"ते इथेच असू द्या," ते म्हणाले. "थोडं मार्जिन लागतं."