हिरेमठ सर आणि परमिट रूमचं छत

आमच्या गल्लीतल्या परमिट रूममध्ये शिरणाऱ्या माणसाला आधी बाटली दिसत नाही, छत दिसतं. कारण दारातच हिरेमठ सर त्याचं कोपर धरतात आणि म्हणतात, "वर बघा. आधी वर बघा."

माणूस बघतो. बघावंच लागतं. सर इतिहासाचे मास्तर होते. आता रिटायर झालेत, पण न ऐकणाऱ्याची हनुवटी उचलायची हाताची सवय गेलेली नाही.

सर पीत नाहीत. बुधवारी दुपारी येतात, फॅमिली रूमच्या पडद्याबाहेरची खुर्ची पकडतात, सोडा मागवतात आणि आल्यागेल्याला इमारत दाखवतात. आमचा एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना बुधवारी बंद, त्यामुळे त्यांच्या तावडीत सगळ्यात जास्त मी सापडलो.

गोंधळ असा, की एका बुधवारी ही इमारत गोऱ्या साहेबांचा क्लब होती. त्या सागवानी तुळयांना पंखे टांगलेले आणि बाहेर बसून एकजण दोरी ओढतोय. पुढच्या बुधवारी तेच कापसाचं गोदाम झालं. मग नाटकाचं थिएटर.

"सर, मागं तर क्लब होता," मी म्हणालो.

"इतिहासाला थर असतात. वर बघा की."

मी वर बघितलं. मान दुखेपर्यंत थर शोधले. मी थोडंफार वाचणारा माणूस, त्यामुळे मला फसवणं सोपं जातं. पुण्याहून आलेल्या मेव्हण्याला मी तिन्ही इतिहास एका दमात सांगितले. तो छताकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला. "दाजी," तो हळूच म्हणाला, "किती झाल्या?"

अशात चंदूमालकांनी फॅमिली रूम पाडायचं काढलं. "फॅमिली कोण येतंय हितं? आठवड्यातनं एक बाई येती, मागच्या दारानं. जेवती, जाती. तेवढ्यासाठी जागा अडवून बसू व्हय?"

सरांचा चेहरा उतरला. "त्या लाकडी पार्टिशनला हात लावू नका, मालक."

"का? कुठल्या काळातलं हाय?"

"जुन्या."

एवढा त्रोटक इतिहास सरांनी कधीच सांगितला नव्हता. मी पेटलो. पुढच्या बुधवारी सुतार मापं घ्यायला आला, तेव्हा मी मालकांसमोर भाषणच ठोकलं. हे खांब विलायती ओतीव लोखंडाचे, या रंगीत काचा बोटीतून आलेल्या, आणि हे पार्टिशन गेलं तर सोलापूर तुम्हाला माफ करणार नाही.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग खांबावर टिचकी मारली. "ह्यो बोअरचा पाइप हाय. बाबांनी बसवला. काचंला रंगीत कागद डकवलाय, नखानं निघतो. आन पार्टिशन यंत्रमागाच्या पेट्या फोडून केलंय."

"म्हणजे सगळंच खोटं?"

"दगडी भिंती खऱ्या. छत बी खरं, गोदामच होतं हे. पर छत कोण पाडतंय?"

मी मदतीसाठी सरांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. मी हार मानणारा नव्हतो. "निदान आतलं कोरीवकाम तरी बघा," असं म्हणून मी पडदा सरकवला. आत कोरीवकाम आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

आत हिरेमठ काकू होत्या. सरांच्या पत्नी, आमच्याच कॉलनीतल्या. सरांच्या नव्वदीच्या आईमुळे ज्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही, त्या घरातल्या. पुढ्यात मटणाचं ताट, हातात नळी.

काकूंनी नळी खाली ठेवली नाही. पदर तेवढा सारखा केला. "सासूबाईंना सांगणार असलात तर आधी मला एवढं संपवू द्या."

मी पडदा सोडला. डोक्यात क्लब, गोदाम, थिएटर आणि काकू असं सगळं एकदम फिरत होतं. मालकही चक्रावले होते. मागच्या दारानं येणारी ती बाई म्हणजे सरांची बायको, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"मोडनिंबची आहे ती," सर सोड्याच्या ग्लासाकडे बघत म्हणाले. "माहेरी मटणाशिवाय सण नाही. माझ्याशी लग्न केलं, आमच्या घरात आली आणि सोडलं. कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. मला काय सोडावं लागलं? घर तेच, आई तीच." त्यांनी सोड्याचा घोट घेतला. "रिटायर झालो तेव्हा विचारलं, तुझं काही राहिलंय का. मला वाटलं, काशी म्हणेल."

"मग तुम्ही बाहेर का बसता?"

"मला वास सोसत नाही हो. आणि ती येता-जाता कोणी ओळखीचं आत आलं, तर त्याचं तोंड वर असलेलं बरं."

मालक बोअरच्या पाइपाला टेकून उभे होते. मग सुताराला म्हणाले, "मिस्त्री, टेप गुंडाळा. मागच्या दाराची बिजागरी लई वाजती, ती तेवढी बघून जावा." आणि आत वळून ओरडले, "फॅमिलीत गरम रस्सा दे रे."

रस्सा आला. सर उठले, नाकाला रुमाल लावला, पडद्याजवळ गेले आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाले, "सावकाश खा गं. मी बसलोय."